दोनशे टनांचे विमान मातीवर उतरवताना नेमके काय तपासतात

प्रश्न असा आला आहे: सी-17 सारखे अवजड मालवाहू विमान मातीच्या धावपट्टीवर उतरते हे एकदा करून दाखवले की झाले, मग महिनोन्‌महिने चाचण्या कशाला? आणि टायरमधली हवा थोडी कमी केली तर निम्मी अडचण सुटत नाही का?

मी या कामात जमिनीच्या बाजूने आलो. वैमानिक नाही, माती तपासणारा माणूस. त्यामुळे उत्तर मातीकडे झुकलेले असेल, ते समजून घ्या.

एकदा उतरणे सोपे असते. कोरडी, टणक, सपाट जमीन मिळाली तर पहिले विमान बहुतेक वेळा नीट उतरते. खरा प्रश्न तिसाव्या विमानाचा असतो. काँक्रीटच्या धावपट्टीवर पहिल्या आणि तिसाव्या विमानाला एकच धावपट्टी मिळते. मातीवर तसे नसते. प्रत्येक विमान पुढच्या विमानासाठी थोडी वेगळी, बहुधा थोडी वाईट धावपट्टी मागे ठेवून जाते. त्यात रात्री पाऊस झाला तर सकाळी सगळेच नव्याने मोजायचे. म्हणून नुसते ‘हे विमान मातीवर चालते’ या वाक्याला आमच्याकडे किंमत नाही. किती वजनाचे विमान, कोणत्या ताकदीच्या मातीवर, किती ओलाव्यात, किती फेऱ्या, हे चारही आकडे सोबत असतील तरच ते वाक्य पुरे होते.

आधी हवेचा मुद्दा घेतो, कारण त्यातून बाकीचे बरेच उलगडते.

सी-17 ला मुख्य चाके बारा, पुढची दोन. समजा उतरताना वजन 200 टन आहे आणि त्यातले 93 टक्के मुख्य चाकांवर येते. म्हणजे एका चाकावर साधारण साडेपंधरा टन. टायरमध्ये 138 पीएसआय हवा धरली, तर जमिनीला टेकलेला टायरचा भाग जेमतेम 40 सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद निघतो. पाटाएवढ्या जागेवर भरलेल्या ट्रकचे वजन. त्या जागी मातीवर दर चौरस सेंटिमीटरला जवळपास पावणेदहा किलो भार येतो. माणूस एका पायावर उभा राहिला तर अर्धा किलोही येत नाही. तेव्हा ‘मी चालून बघितले, जमीन घट्ट आहे’ हे ऐकले की मी काही बोलत नाही, डीसीपी, म्हणजे जमिनीत ठोकून मातीची ताकद मोजायचे साधन, काढायला लागतो.

आता गंमत बघा. सी-130 हे 70 टनांचे, म्हणजे सी-17 च्या मानाने लहान विमान. पण त्याला मुख्य चाके चारच. एका चाकावरचा भार काढला तर तोही सोळा-साडेसोळा टन येतो, म्हणजे जवळपास सारखाच. मग दोघांसाठी एकच धावपट्टी चालावी का? नाही. मातीच्या वरच्या थराला टायरमधल्या हवेचा दाब जाणवतो, खालच्या थरांना एकूण वजन जाणवते. चाकाखालचा ताण कांद्याच्या आकारात खोल पसरत जातो. चाके जवळजवळ असली की हे कांदे अर्धा-पाऊण मीटर खाली एकमेकांत मिसळतात. सी-17 च्या एका बाजूला सहा चाके एकत्र असतात, त्यामुळे खाली दडलेला मऊ थर सी-130 ला कळतही नाही आणि सी-17 ला मात्र खाली ओढतो.

म्हणूनच हवा कमी करण्याचा उपाय अर्धाच. त्याने वरचा थर वाचतो, चाकोरी उथळ राहते. आयएल-76 मध्ये टायरचा दाब उडत असतानाच बदलायची सोय रशियन अभियंत्यांनी उगीच केलेली नाही. त्या विमानाला वीस चाकेही आहेत. पण खालचा थर मऊ असेल तर हवा कितीही सोडा, विमानाचे वजन कमी होत नाही. शिवाय कमी हवेचा टायर वेगात जास्त दुमडतो, जास्त तापतो आणि काँक्रीटवरून उड्डाण करताना त्याची जबर किंमत मोजावी लागते. विमानाला परत जायचे असते ते बहुधा काँक्रीटवरच.

माती कशी मोजतात ते थोडे तपशिलात सांगतो, कारण चाचणीतला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

मातीच्या ताकदीचा आकडा म्हणजे सीबीआर. ही पद्धत मुळात कॅलिफोर्नियाच्या रस्तेबांधणीतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी ती धावपट्ट्यांसाठी उचलली, कारण बॉम्बफेकी विमानांची वजने वाढत होती आणि नवे गणित मांडायला वेळ नव्हता. ठरावीक आकाराचा दट्ट्या मातीत अडीच मिलिमीटर घुसवायला किती जोर लागतो, तो जोर उत्तम दर्जाच्या खडीला लागणाऱ्या जोराच्या किती टक्के, एवढाच त्याचा अर्थ. खडी 100. चांगला दाबलेला मुरूम वीस-तीसच्या घरात, आणि पाणी प्यायलेली चिकणमाती तीन-चारवर.

पण तीन किलोमीटरच्या पट्टीवर प्रयोगशाळेतला दट्ट्या घेऊन कोणी फिरत नाही. तिथे डीसीपी. एक लोखंडी सळई, टोकाला 20 मिलिमीटर व्यासाचा, 60 अंशांचा शंकू, वर 8 किलोचा हातोडा. हातोडा 575 मिलिमीटर उचलायचा आणि सोडून द्यायचा. ढकलायचा नाही, नुसता सोडायचा. नवी पोरे इथेच चुकतात, दुपारी हात दुखायला लागला की हातोडा पूर्ण वर जात नाही आणि माती कागदावर घट्ट होत जाते. दर ठोक्याला शंकू किती खाली गेला ते लिहायचे. एका ठोक्याला 12 मिलिमीटर गेला तर सीबीआर साधारण 18. 30 गेला तर साडेसहा. 60 गेला तर तीन. 292 ला ठोक्यामागच्या मिलिमीटरच्या 1.12 व्या घाताने भागायचे, बहुतेक मातींना हे सूत्र लागू पडते. जास्त फुगणाऱ्या चिकणमातीसाठी सूत्र वेगळे आहे, ते विसरून चालत नाही.

एक अनुभव सांगतो. एका चाचणीच्या आधी पट्टीच्या मधोमध सगळे आकडे उत्तम येत होते. वरचा थर तर हातोड्याला दाद देत नव्हता. कडेला, मध्यरेषेपासून बारा मीटरवर, एका ठिकाणी वीसएक सेंटिमीटरपर्यंत तसेच ठणठणीत, आणि मग पुढच्या एकाच ठोक्यात शंकू बोटभर खाली. पुन्हा एक ठोका, पुन्हा तेवढाच. तिथे कधीतरी चर खणून बुजवलेला होता. वरून रोलर फिरल्यामुळे पापुद्रा घट्ट झाला होता, खाली माती भुसभुशीतच राहिली होती. डोळ्यांना काही दिसत नव्हते. दर दहा मीटरला ठोकायचे ठरले तेव्हा ‘इतके कशाला’ म्हणणारे जे साहेब होते, तेच नंतर पाच मीटरला ठोका म्हणू लागले.

सरासरी हा शब्द या कामात धोक्याचा आहे. पट्टीची सरासरी ताकद 15 आहे याचा उपयोग शून्य. विमान सरासरीवरून धावत नाही, ते त्या एका चरावरूनही जाते. म्हणून प्रत्येक जागी वरच्या साठ सेंटिमीटरमधला सगळ्यात कच्चा थर धरायचा आणि पट्टीचा दर्जा अशा कच्च्या जागांवरून ठरवायचा.

माती समजली की मग विमान आणायचे, पण तेही लगेच उतरवायचे नाही. आधी शेजारच्या पक्क्या धावपट्टीवरून, हलक्या वजनात, चालत्या वेगाने मातीवर आणायचे. थांबायचे. सगळे उतरून चाकोऱ्या मोजायच्या. मग थोडा वेग, मग आणखी थोडा. त्यानंतर वजन वाढवून तीच मालिका पुन्हा. पहिले खरे लँडिंग यायला बरेच दिवस जातात, आणि भर वजनात, भर वेगात उड्डाण सोडून देऊन थांबण्याची चाचणी सगळ्यात शेवटी. पाहुण्यांना बोलवायचे ते लँडिंगला, पण आमची धाकधूक असते ती या शेवटच्या चाचणीला.

हळू धावण्याच्या या फेऱ्यांतून सगळ्यात मोलाची गोष्ट मिळते ती म्हणजे मातीची ओढ. वैमानिक ठरावीक वेगाला इंजिने मंद करतो, ब्रेकला पाय लावत नाही आणि विमानाला नुसते घरंगळू देतो. वेग किती झपाट्याने उतरतो ते यंत्रे टिपतात. काँक्रीटवर चाकांचा अडथळा वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत असतो. टणक मातीवर चार टक्के, मऊ मातीवर आठ, दहा आणि त्याहूनही वर. फक्त हा अडथळा धरला, तर 60 नॉटवरून 20 नॉटवर यायला काँक्रीटवर शंभरएक सेकंद लागतील आणि आठ टक्केवाल्या मातीवर पंचवीस-सव्वीस. हवेचा विरोध आणि मंद इंजिनांचा जोर वेगळा काढावा लागतो, म्हणून हीच फेरी वेगवेगळ्या वेगांना आणि दोन्ही दिशांना करतात.

आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. 200 टनांच्या विमानाला दोन टक्के म्हणजे 4 टन, आठ टक्के म्हणजे 16 टन. फरक 12 टनांचा. सी-17 ची चारही इंजिने मिळून साधारण 73 टनांचा जोर लावतात, म्हणजे एकेकाचा अठरा-साडेअठरा. मऊ मातीवर उड्डाण सुरू करताना वैमानिकाच्या हातून एका इंजिनाचा दोन-तृतीयांश जोर आधीच गेलेला असतो. वेग वाढला, पंखांनी भार उचलला की हा तोटा कमी होतो, पण सुरुवातीचे शे-दोनशे मीटर अक्षरशः चिखलातून बैलगाडी काढल्यासारखे जातात. सतरा हजार फुटांच्या जवळपास हा हिशेब आणखी अवघड होतो, कारण विरळ हवेत इंजिनांचाही जोर घटतो. भारतीय हवाई दलाने 20 ऑगस्ट 2013 रोजी सी-130जे लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला, 16,614 फुटांवर, दाबलेल्या मातीच्या पट्टीवर उतरवले तेव्हा उतरण्याचे कौतुक झाले. मला परत उडण्याचे जास्त वाटले.

याची दुसरी बाजू थांबण्याची. कोरडी मऊ माती थांबायला मदतच करते, ब्रेक कमी तापतात. ओली चिकणमाती मात्र वर लोण्यासारखी होते. टायरच्या खाचा भरून जातात, चाक फिरते पण पकडत नाही. म्हणजे कोरड्या मऊ मातीत घोर उड्डाणाचा आणि ओल्या चिकणमातीत घोर थांबण्याचा. एकाच पट्टीला, दोन दिवसांच्या अंतराने, दोन वेगळे तक्ते लागतात. ब्रेक आवळणारी यंत्रणाही काँक्रीटसाठी जुळवलेली असते. चाक जरा घसरू लागले की ती दाब सोडते. भुसभुशीत मातीत चाक थोडे जास्त घसरले तर पुढे मातीचा ढीग साचतो आणि त्यानेच जास्त पकड मिळते. ती यंत्रणा या नफ्याला घसरण समजून सोडून देते. हे प्रत्यक्ष चाचणीतच कळते, टेबलावर बसून नाही.

वळणे हा स्वतंत्र त्रास. सरळ धावताना जेवढी पट्टी खराब होते त्याच्या कितीतरी पट ती टोकाला विमान उलटे वळवताना होते. आतल्या बाजूची चाके जवळपास जागच्या जागी पिळली जातात आणि माती नांगरल्यासारखी वर येते. पुढची दोन चाके तिरकी होऊन फाळाचे काम करतात. विमान अडकते तेही बहुधा इथेच. म्हणून वळणाच्या जागी सिमेंट मिसळून माती पक्की करतात किंवा ॲल्युमिनियमचे पत्रे अंथरतात. एक सावधगिरी: सिमेंटचा थर पातळ राहिला तर तो चार-सहा फेऱ्यांत पापडासारखा फुटतो, आणि ते तुकडे साध्या मातीपेक्षा वाईट, कारण ते धारदार असतात आणि उडतात.

उडणाऱ्या गोष्टींकडे आलोच आहोत तर धुळीबद्दल. फुफाटा दिसतो भयंकर, पण इंजिनाला खडा जास्त घातक. पुढच्या चाकांनी उडवलेले खडे पोटाखालच्या अँटेना, दिवे आणि मुख्य चाकांभोवतीचे कवच ठोकून काढतात. सी-17 चा रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे थांबताना इंजिनांचा उलटा वळवलेला झोत, वर आणि पुढे फेकला जातो, जमिनीकडे नाही, ते याचसाठी. तरीही वेग उतरला आणि रिव्हर्स चालूच राहिला तर स्वतःचाच फुफाटा समोर येतो, म्हणून किती वेगापर्यंत वापरायचा हे चाचणीत एकेक पायरी खाली उतरत ठरवतात. उड्डाणाच्या वेळी उलटे. या विमानात पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या फ्लॅपवर इंजिनांचा झोत आपटून खाली वळतो. एका जागी उभे राहून पूर्ण जोर लावला तर मागे खड्डा पडतो, म्हणून हळूहळू पुढे सरकतच जोर वाढवत न्यावा लागतो. विमानाच्या पोटाला चाचणीपूर्वी टिकाऊ पट्ट्या लावून ठेवतात. फेरीनंतर त्यावरचे ओरखडे मोजले की खडे कुठून आले ते कळते. त्यानंतर इंजिनाच्या आत दुर्बीण घालून एकेक पाते बघणे. हे काम उड्डाणापेक्षा जास्त वेळ खाते.

उंचसखलपणाबद्दल थोडे, कारण ग्रेडर, म्हणजे जमीन सपाट करायचे यंत्र, चालवणाऱ्यांशी माझा नेहमी वाद होतो. खड्डा दिसतो, तो बुजवतात. पण 100 नॉट म्हणजे सेकंदाला 51 मीटर. अवजड विमान आपल्या चाकांच्या दांड्यांवर सेकंदाला एक-दोनदा डोलते. म्हणजे पंचवीस ते पन्नास मीटर लांबीची, डोळ्यांना न दिसणारी लाट त्याला बरोबर तालात सापडते आणि झोके वाढत जातात. पट्टीवर उभे राहून ‘आरशासारखी सपाट’ म्हटलेली जागा वैमानिकाला होडीत बसल्यासारखी वाटते ती यामुळे. त्यासाठी मध्यरेषेवर आणि दोन्ही चाकांच्या मार्गावर लेव्हल लावून उंची घ्यावी लागते, दर अर्ध्या मीटरला. दांड्यांवर ताण मोजणारे पट्टे चिकटवलेले असतात, त्यांचे आकडे आणि हा आलेख एकमेकांवर ठेवले की कुठली लाट घासून काढायची ते कळते.

आता एक टोमणा, तोही माझ्याच क्षेत्राला. चाचणीसाठी सगळ्यांना कोरड्या तळ्याची जमीन आवडते. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळाशेजारचा रॉजर्स तळ्याचा पट्टा प्रसिद्धच आहे: मैलोन्‌मैल सपाट, टणक, चुकलात तर बाजूला जागाच जागा. सुरुवातीच्या फेऱ्यांसाठी याहून सुरक्षित जागा नाही. पण ती माती इतकी गुणी आहे की तिच्यावर पास झालेले विमान इतर कुठे काय करेल याबद्दल ती फारसे सांगत नाही. म्हणून मुरूम, खडी, वाळू, गवत या प्रत्येकाची चाचणी वेगळी करावी लागते. ए400एम या युरोपीय मालवाहू विमानाची खडीवरची चाचणी 2015 मध्ये स्पेनमधल्या आब्लितासला झाली, ती खडीचीच परवानगी मिळवण्यासाठी. प्रत्यक्ष लढाईत मातीची निवड कोणी विचारून करत नाही. 2001 च्या नोव्हेंबरमध्ये अफगाणिस्तानच्या दक्षिणेत कॅम्प ऱ्हायनोच्या वाळवंटी पट्टीवर सी-130 आणि सी-17 उतरू लागले तेव्हा जी जमीन मिळाली तीच धावपट्टी होती, आणि फेऱ्यांच्या मध्ये ती सारखी दुरुस्त करत राहावी लागली.

शेवटचा भाग फेऱ्यांचा. चाकोरी तीन इंचांवर, म्हणजे साधारण 75 मिलिमीटरवर गेली की बऱ्याच अभ्यासांत माती ‘संपली’ असे धरतात. पहिल्या काही फेऱ्यांत चाकोरी भराभर खोल होते, मग माती दबून ती रेंगाळते आणि नंतर एका क्षणी अचानक पुन्हा खोल जायला लागते. तो क्षण पकडायचा असतो. रेंगाळण्याच्या काळात सगळे खूश असतात, ‘बसली बघा जमीन’ म्हणतात. तेव्हा मी चाकोरीच्या तळापेक्षा तिच्या काठांकडे बघतो. काठ फुगून वर येत असतील तर माती दबत नाहीये, बाजूला सरकते आहे. दबलेली माती अजून भार घेते, सरकणारी घेत नाही.

पाण्याचे मात्र कुठलेही सूत्र सगळीकडे चालत नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे ढेकूळ हातात दाबले तर बसते पण बोटाला चिकटत नाही, त्या ओलाव्यात माती दाबली तर ती सर्वांत घट्ट बसते. तीच नंतर भिजली तर सकाळचा 18 सीबीआर संध्याकाळी पाच होऊ शकतो. दहा मिनिटांची सर वरचे दोन सेंटिमीटर निसरडे करते, खालची ताकद तशीच राहते. दोन दिवसांची रिपरिप उलट करते, वरून वाळलेले दिसते आणि आत लगदा. म्हणून चाचणीच्या अहवालात परवानगीच्या आकड्याशेजारी तारीख आणि ओलावा लिहिलेला नसेल तर मी तो अहवाल परत पाठवतो. पाऊस झाला की जुना आकडा रद्द. डीसीपी काढायचा, पहिला ठोका कडेच्या त्या बुजवलेल्या चरासारख्या जागी मारायचा, आणि तो आकडा हातात येईपर्यंत विमानाला घिरट्या घालू द्यायच्या.